पहिली वेलांटी

हरिओमच्या किराणा दुकानापुढे त्या सकाळी जमलेली माणसे हसत होती, आणि शिडीवर उभे असलेले माझे मित्र रहमतुल्ला पेंटर त्या हसण्याला शाबासकी समजून मान डोलवत होते.

दुकानाचा नवा पत्रा चांगला लांबलचक होता. त्याचा डावा अर्धा भाग कोरा पांढरा राहिला होता. उजव्या अर्ध्या भागात, दाटीवाटीने पण अत्यंत देखण्या वळणाच्या तांबड्या अक्षरांत लिहिले होते : ‘हरओम कराणा’.

“पेंटरसाब,” हरिओम खालून म्हणाला, “अक्षर एक नंबर हाय. पण आर्धा पत्रा कोणासाठी राखून ठेवला? जावयासाठी?”

“कोणता आर्धा?”

“अन् हे कराणा काय असतंय? मी तर किराणा इकून राह्यलो.”

“किराणाच लिवलंय बिलकुल. तुझा चष्मा पूस आधी.”

लोक पुन्हा हसले. मी शिडीची दुसरी बाजू चढून त्यांच्या शेजारी पोहोचलो, त्यांचे बोट धरले आणि पहिल्याच ‘ह’वर टेकवले.

“रहमतभाई, हे काय आहे?”

“ह.”

“आणि याच्या अलीकडे?”

“अलीकडं काय असणार अण्णा? तिथं पत्रा संपला.”

त्यांच्या स्वरात खोटेपणाचा किंवा हट्टाचा लवलेश नव्हता. ज्याच्या हातच्या पाट्या आमच्या जालन्याच्या मस्तगडात दर दोन दुकानांआड लटकत आहेत, तो माणूस अर्धा पत्रा शिल्लक असताना पत्रा संपल्याचे शांतपणे सांगत होता.

पावसाळ्याच्या अखेरीस वाटूर फाट्याजवळ त्यांची मोटारसायकल घसरली होती आणि डोक्याला उजवीकडून जबर मार बसला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, बोलणे-चालणे परत आले, रंगाचा ब्रश धरणारा उजवा हात तर पूर्वीइतकाच स्थिर होता. डावा हात थोडा जड राहिला. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितले होते, की डोळे शाबूत आहेत; मात्र मेंदूचा जो भाग डावीकडच्या जगाची दखल घेतो तोच दुखावला आहे. डावीकडे काही असते हेच त्यांच्या ध्यानात येणार नाही, आणि ध्यानात येत नाही हेही त्यांना कळणार नाही. मान वळवायची सवय लावा, सुधारणा होत राहील. घरच्यांनी ते ऐकले होते. पण ऐकणे वेगळे आणि ‘कराणा’ वाचणे वेगळे.

एवढ्यात त्यांचा मुलगा तन्वीर घाईघाईने आला. फ्लेक्स छापण्याचे त्याचे स्वतःचे दुकान आहे. शिडीच्या डाव्या अंगाला उभा राहून तो म्हणाला, “अब्बा, उतरा खाली. हरिओमकाका, संध्याकाळपर्यंत फ्लेक्स लावून देतो तुम्हाला.”

रहमतभाई ब्रश पुसत राहिले.

“अब्बा, ऐकून राह्यले का?”

काहीच उत्तर नाही. तन्वीरचा चेहरा उतरला. “पाह्यलं अण्णाकाका? घरी पण असंच. फ्लेक्सचं दुकान टाकल्याचा राग अजून गेला न्हाई यांचा.”

“अरे, राग कसला? इकडे ये,” मी म्हणालो, आणि त्याचा दंड धरून त्याला उजवीकडे आणले.

“अरे तन्वीर!” रहमतभाईंचा चेहरा उजळला. “कधी आल्ता? पाह्य, कसं झालंय?”

तन्वीरने पाहिले, आणि शिडी घट्ट धरली.

*

खरा पेच घरी उभा राहिला. रहमतभाईंची मुलगी सालेहा हिने शिवणकामाचा वर्ग काढायचे ठरवले होते. मस्तगडातच गाळा मिळाला होता, यंत्रे येऊन पडली होती, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर उद्घाटन होते. वर्गाला तिने आईचे नाव दिले होते : ‘रहिमुन्निसा शिलाई क्लास’. आणि पाटी अब्बांच्याच हातची हवी, हे तिने अपघाताच्या कितीतरी आधी जाहीर करून टाकले होते.

“बाजी, उद्घाटनाला शंभर बाया येतील,” तन्वीर थोरल्या बहिणीला म्हणाला. “त्यांच्यापुढं अब्बांचं हसं झालेलं चालंल का तुला? हरिओमकाका तरी घरचा माणूस हाय. मी फ्लेक्स छापून ठेवलाय.”

“तू छापून पण ठेवला? मला न विचारता?”

“विचारलं असतं तर छापू दिला असता का?”

रहमतभाई भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून हरिओमच्या पाटीचा माझ्या भ्रमणध्वनीवर घेतलेला फोटो मी त्यांना दाखवत होतो. तो डोळ्यांपुढून उजवीकडे सरकवला, की कोरा पांढरा भाग एकदम उगवे आणि ते दचकत. तिसऱ्यांदा दचकल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

“जुमेरातच्या, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मला दे, बेटा,” ते म्हणाले. “पाटी पुरी झाली तर ती लागंल. न्हाई झाली तर फ्लेक्स लाव, अन् माझे सगळे ब्रश तुझ्या हवाली. मंग मी पुन्हा पत्र्याला हात लावणार न्हाई.”

तो माणूस बोलला म्हणजे बोलला, हे आम्हा सर्वांना माहीत होते.

“जेवा आधी,” रहिमुन्निसाभाभींनी ताटे मांडली. मलाही उठू दिले नाही.

दोन घासांनंतर रहमतभाई म्हणाले, “आज सालन केलंच न्हाई का?”

भाभींनी मुकाट्याने त्यांचे ताट अर्धा फेरा फिरवले, तशी डावीकडची रश्शाची वाटी उजवीकडे आली. “पाह्यलं भाईसाब? ताट फिरवलं की सालन पैदा होतं. इतकी बरकत आपल्या घरात कधीच नव्हती.”

सालेहाला हसू आवरेना. रहमतभाईही हसले, पण लगेच माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “अण्णा, ताट फिरवता येतं. दुकानावरची पाटी कशी फिरवायची?”

मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकलो आणि कारखान्याच्या आरेखन विभागातून निवृत्त झालो. बिघाड दिसला की तो प्रत्येक वेळी एकाच जागी होतो का, हे आधी तपासायचे, ही आमची शिस्त. जेवण होताच मी सालेहाची जुनी पाटी आणि खडू मागवला.

“रहमतभाई, लिहा : चिमणी.”

त्यांनी लिहिले, ‘चमणी’.

“गिरणी.”

‘गरणी’.

“विहीर.”

‘वहीर’.

“शुद्धलेखन गेलं अब्बांचं,” तन्वीर म्हणाला.

“होतं कधी?” भाभी म्हणाल्या.

पण मी पाटीकडे पाहतच राहिलो. चिमणीतल्या ‘णी’ची दुसरी वेलांटी जागेवर होती. विहिरीतल्या ‘ही’ची दुसरी वेलांटीही जागेवर होती. काना, मात्रा, उकार सगळे ठीक. गळत होती ती फक्त पहिली वेलांटी. कारण मराठीत तेवढे एकच चिन्ह अक्षराच्या डावीकडे लागते! म्हणजे त्यांचे ज्ञान शाबूत होते. जसा पत्र्याचा डावा भाग गळत होता, तसाच एकेका अक्षराचा डावा काठही गळत होता.

मी हे मोठ्याने सांगितले. सालेहा टाळी वाजवून म्हणाली, “म्हणजे अब्बा लिहायचं विसरले न्हाईत!” आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पडला. तिने पाटीवर आईचे नाव लिहिले, आणि आम्ही सर्वांनी ते एकदमच पाहिले. रहिमुन्निसा. शिलाई. तिने निवडलेल्या नावात पहिल्या वेलांट्या जागोजागी बसल्या होत्या.

“माझंच नाव मिळालं होतं का तुला?” भाभी म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा रहमतभाई मराठी वर्तमानपत्र वाचत होते आणि वैतागले होते.

“आजकालचे पेपरवाले पण! ‘विक्रमी भाव.’ अरे, कशाला विक्रमी भाव? ते लिवतच न्हाईत.”

मी पाहिले. बातमीचा मथळा होता, ‘जालन्यात मोसंबीला विक्रमी भाव’. पहिले दोन शब्द त्यांच्यासाठी छापलेच गेले नव्हते.

त्यांनी तो पेपर बाजूला टाकला आणि उर्दू अखबार उचलला. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. ते एक मथळा मोठ्याने वाचू लागले, मध्येच अडखळले, पुढे गेले, पुन्हा अडखळले. मग हळूहळू त्यांची मान डावीकडे वळू लागली. इतके दिवस आम्ही ओरडून ओरडून सांगत होतो, तरी जी मान वळत नव्हती, ती आपोआप वळत होती! मला उर्दू येत नाही. मी ओरडलो, “सालेहा! लवकर ये! अब्बांनी हे किती वाचले ते बघ!”

ती शिवणयंत्रावरून धावत आली. कागदावर बोट ठेवून तिने मथळा ताडून पाहिला. “पूर्ण,” ती म्हणाली. “अण्णाकाका, पूर्ण वाचलं! शेवटच्या लफ्जापर्यंत!”

“त्यात काय विशेष?” रहमतभाई गोंधळले.

“तुम्ही मध्ये थांबला का नाहीत?”

“कसा थांबणार? खबर अधुरी होती ना. ‘धरणाचं पाणी शहराला’ एवढंच वाचलं. मंग? शहराला मिळालं, का बंद झालं? पुढं काहीतरी असणारच.”

मी उभाच राहिलो. माझ्या हातातला चहा बशीत सांडला आणि बशीतून धोतरावर. भाभी फडके घेऊन आल्या तरी मला बसवेना. किती सरळ गोष्ट होती! मराठी वाचताना त्यांच्या हातून वाक्याची सुरुवात निसटत होती, आणि सुरुवात निसटलेली माणसाला कळत नाही. उरलेले तुकडे त्याला पुरेच वाटतात. उर्दू वाचताना सुरुवात त्यांच्या दिसणाऱ्या बाजूला होती. निसटत होता तो शेवट, आणि शेवट राहिला की मन स्वस्थ बसत नाही. तेच मानेला ओढून डावीकडे नेते.

“रहमतभाई, आपण मराठी पाटी उर्दूसारखी लिहायची.”

“उर्दूत?”

“मराठीतच. पण शेवटच्या अक्षरापासून उलटी. आधी ‘क्लास’चा स, मग क्ला. डावीकडे येत येत शेवटी र.”

त्यांनी डोळे मिटले. बोटे मांडीवर हलू लागली. पेंटरला अक्षर म्हणजे आकृती; ती कुठल्या बाजूने काढली याने काही बिघडत नाही. “अन् वरची रेघ?” त्यांनी विचारले.

“शिरोरेषा? ती तुमची दोरी. अक्षर झाले, की रेषा डावीकडे बोटभर जास्त ओढायची. पुढचे अक्षर कुठे टांगायचे ते ती सांगेल.”

“आणा पत्रा,” ते म्हणाले. “जल्दी!”

*

अंगणात एक जुना पत्रा दोन पिंपांवर आडवा टेकवला. मी अक्षरांच्या रुंदीचा हिशेब करून उजवीकडे आरंभाची खूण केली. पहिल्या प्रयत्नात ते मध्यावर थांबले. दुसऱ्यात बरेच पुढे गेले. गुरुवारी दुपारच्या प्रयत्नात ब्रश थेट डाव्या काठापाशी पोहोचला. अख्खा पत्रा भरला! सालेहा नाचायचीच बाकी होती. मी मोजपट्टी लावली; दोन्ही बाजूंचा समास जवळजवळ सारखा होता.

तन्वीर गुंडाळलेला फ्लेक्स काखेत घेऊन दारात उभा होता. त्याने सावकाश वाचले, “रहमुन्नसा शलाई क्लास.”

आनंदात आमच्यापैकी कोणीच वेलांट्या पाहिल्या नव्हत्या.

“अम्मी, तुझं नाव रहमुन्नसा झालं,” तन्वीर म्हणाला. पण त्यात टोमणा नव्हता. “अब्बा, तुम्ही लई जवळ आल्ते.”

रहमतभाईंनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. “म्हणजे न्हाई जमलं.” ते माझ्याकडे वळले. “अण्णा, मला तर पुरं दिसून राह्यलंय.”

प्रत्येक अक्षरापाशी थांबून आठवण करून द्यावी, तर ‘वेलांटी द्या’ म्हटले की ‘दिली’ म्हणत.

तेव्हा भाभी कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या आणि पत्र्यासमोर उभ्या राहिल्या. “माझं नाव कोणी असं कसं लिहील? शाळेत बाईंनी उभं करून करून पाठ करून घेतल्तं. पोरी हसायच्या, एवढं लांब नाव.” आणि त्या शाळकरी सुरात म्हणू लागल्या, “र. हला पहिली वेलांटी हि. मला पहिला उकार मु. नला न जोडून पहिली वेलांटी न्नि. सला काना सा.”

“भाभी!” मी इतक्या जोराने ओरडलो, की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी डोकावले. “पुन्हा म्हणा. फक्त हि म्हणा.”

“हला पहिली वेलांटी हि.”

“आधी काय म्हणालात?”

“ह.”

“आणि मग?”

“वेलांटी.”

लहानपणापासून आपण सर्वजण हेच म्हणत आलो : आधी अक्षर, मागून वेलांटी. पण लिहिताना उलटे करतो. वेलांटी आधी, अक्षर मागून. तोंड एक क्रम सांगते, हात दुसरा क्रम चालवतो. आणि आता, पाटी उजवीकडून डावीकडे लिहायची म्हटल्यावर, तोंड आणि हात पहिल्यांदाच एका वाटेला लागले होते! आधी ह, मग त्याच्या डावीकडे वेलांटी, मग ‘हि’ पूर्ण. म्हणताना ‘हला पहिली...’ एवढ्यावर थांबले, तर उर्दू मथळ्याप्रमाणेच वाक्य अधुरे राहणार होते.

“तुम्ही म्हणायचे भाभी, शेवटापासून. आणि ‘हि’ हा शेवटचा उच्चार यांनी वेलांटी काढेपर्यंत करायचा नाही.”

“म्हणजे तोंड उघडं ठेवून उभी राहू?”

“सवय हाय तुला,” रहमतभाई म्हणाले, आणि त्यांनी ब्रश पुन्हा उचलला.

*

खरा पत्रा गाळ्यापुढे सावलीत मांडला तेव्हा उन्हे कलली होती. बातमी पसरली होती. हरिओम दुकान सोडून आला होता, आजूबाजूच्या बाया दारांत उभ्या होत्या. भाभी पत्र्याच्या डाव्या टोकाशी उभ्या राहिल्या. आवाज तिकडूनच यावा, ही माझी अट होती.

क्लास झाला. शिरोरेषा तुटली, मोकळी जागा सुटली, नवी रेषा सुरू झाली. ई. ला.

“शला पहिली वेलांटी...” भाभी म्हणाल्या आणि थांबल्या.

श उभा राहिला. ब्रश पत्र्यापासून उचलला गेला. रहमतभाईंची मान किंचित वळली, मग आणखी. ब्रश पुन्हा टेकला, उभी रेघ खाली आली आणि वरून गोलाई फिरून श वर येऊन बसली.

“शि!” भाभींनी सोडवले, आणि दारांतल्या साऱ्या बाया एकदम ओरडल्या, “शि!”

आता थांबायचे कोणी नाव घेईना. सा झाला. मग जोडाक्षर न्न झाले, सफाईदार, आणि रहमतभाईंनी ब्रश रंगात बुडवला. तो थेट म काढण्यासाठी पुढे झाला.

“थांबा!” भाभी म्हणाल्या. “माझी वेलांटी?”

“दिली की.”

“कोणाला दिली? मला तर न्हाई मिळाली.”

हशा पिकला. पण मी रहमतभाईंकडे पाहत होतो. ते हसत नव्हते. मान तिरपी करून, ओठ हलवत, ते स्वतःशी म्हणत होते, “नला न जोडून पहिली... पहिली...” त्यांची नजर न्नच्या कडेला आली, कडेवरून पुढे सरकली, आणि तिथेच थबकली.

“न्हाई दिली,” ते म्हणाले. मग मोठ्याने, “अण्णा! खरंच न्हाई दिली! इथं कोरं हाय!”

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी नसलेले दिसले होते. तो माणूस तर पोरासारखा आनंदला होता. त्याने वेलांटी अशी ऐटीत काढली, की तिचा फराटा शेजारच्या अक्षरांहून बोटभर वर गेला. मापात ते बसणारे नव्हते. मी मोजपट्टी खिशातच ठेवली.

“न्नि!” अख्खी गल्ली ओरडली.

मु. मग ह, आणि या वेळी भाभींनी ‘पहिली’ म्हणण्याआधीच मान वळली. “हि!” शेवटी र, आणि सवयीने ओढलेली शिरोरेषा, बोटभर पुढे.

सालेहाने आधी मनात, मग मोठ्याने वाचले. तिच्या तोंडून ‘रहिमुन्निसा’ पूर्ण बाहेर पडले आणि ती आईच्या गळ्यात पडली.

तन्वीर फ्लेक्स घेऊन पुढे आला. या वेळी तो आठवणीने उजवीकडे उभा राहिला. “अब्बा, याचं काय करू?”

“अंथर खाली. रंग सांडून राह्यलाय.”

त्याने खरोखरच अंथरला, छापील बाजू खाली करून, आणि मग अब्बांच्या रंगाने भरलेल्या हातांची पर्वा न करता त्यांना मिठी मारली.

इकडे माझी नजर त्या जादा शिरोरेषेवर होती. र संपल्यावर रेषा पुढे जाणे ही सरळसरळ चूक होती. मी रॉकेलची चिंधी घेऊन वाकलो.

“काय पुसून राह्यले अण्णा?” रहमतभाईंनी माझे मनगट धरले. ते वाकून चिंधीकडे पाहू लागले, चिंधीवरून रेषेच्या टोकाकडे, आणि तिथून पुढे, जिथे माझ्या हिशेबातला मोकळा समास होता. कोणी बोलावले नव्हते, कोणी काही म्हणत नव्हते. त्यांचा चेहरा सावकाश त्या बाजूला पूर्ण वळला.

“अरे! इकडं तर अजून जागा हाय!”

भाभींचा हात तोंडावर गेला.

“दोरा आयताच सुटलेला हाय,” त्या रेषेवर ब्रशचे टोक रोखत ते म्हणाले. “सालेहा, इथं सुई काढू का कैची?”

“दोन्ही काढा अब्बा,” ती रडत रडत म्हणाली.

“दोन्हीला जागा न्हाई,” रहमतभाई म्हणाले. “जरा नीट पाहून बोलत जा.” आणि त्यांनी ब्रश रंगात बुडवला.